बैठकीच्या खोलीतला ट्रक

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकले नाही, कारण कंबर धरली आहे. ती का धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेली काठी वापरता, की अजून दारामागे उभी करून ठेवली आहे आणि कोणी आलं की तेवढ्यापुरती हातात घेता? मांजरीला पिल्लं झाली का? झाली असतील तर किती ते कळवू नका, इथे लगेच कोणीतरी एक मागून घेईल. आमच्याकडे सगळे खुशाल. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी बोलले की ते आधी ह्यांना ऐकू जातं. म्हणून पत्र.

विषय तुमच्या भावाचाच आहे. घाबरू नका, चांगलंच लिहिणार आहे. मागच्या खेपेला तुम्ही आला होतात तेव्हा त्यांची काय अवस्था होती ते पाहिलंतच. डाव्या डोळ्यानं अंग काढून घेतलं, डॉक्टरांनी ट्रक बंद म्हणून सांगितलं, आणि उभा जन्म ट्रकच्या काचेतून जग पाहिलेला माणूस घराच्या खिडकीत येऊन बसला. खालून गाडी गेली की नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "हिचा क्लच गेला." दिवसभराचं बोलणं तेवढंच. मी चांगलंचुंगलं करून घालून पाहिलं, फिरायला नेऊन पाहिलं, शेवटी मुद्दाम भांडण उकरून काढून पाहिलं, पण माणूस भांडायलासुद्धा उठेना. (वन्सं, संसारात इतकी शांतता असली की बाईला भीती वाटायला लागते.) लेकीचा फोन आला की "हं. बरी आहेस ना? आईला देतो," एवढं बोलून फोन माझ्या हातात. लेकीनं हे किती दिवस ऐकून घेतलं असेल! शेवटी एकदा तीच मला म्हणाली, "आई, बाबांना गेम खेळायचा कॉम्प्युटर घे."

मला वाटलं, इस्पितळातल्या पाळ्या करून करून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तिचं म्हणणं असं, की ट्रक चालवायचा एक खेळ असतो. त्यात स्टिअरिंग असतं, गिअर असतात, पाऊस असतो, माल पोहोचवायचा असतो, आणि ती तिकडे दूर तिच्या खोलीत बसून दुसरा ट्रक घेऊन त्याच रस्त्यावर बाबांच्या पुढे-मागे चालवू शकते. "अगं पण त्यांचा एक डोळा?" तर म्हणाली, "आई, पडदा सपाटच असतो. त्याला एक डोळा काय आणि दोन काय." तिनं रविवारची दुपार ठरवून टाकली, कारण त्यानंतर तिच्या सलग रात्रपाळ्या लागणार होत्या. ह्यांना सांगितलं तर खिडकीतून न हलता म्हणाले, "खोटा ट्रक?" पण जरा वेळानं स्वतःहून विचारलं, "गिअर किती?" तेव्हाच मी पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

इथे तुमचे धाकटे बंधू, म्हणजे आमचे भाऊजी, मध्ये पडले. भाऊजी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. त्यांना कळत नाही असा विषय नाही, आणि त्यांनी उघडल्यावर पूर्वीसारखी मिटली अशी वस्तू नाही. त्यांनी जाहीर केलं की तयार कॉम्प्युटर फक्त अडाणी लोक घेतात, आपण एकेक भाग निवडून घरी जोडायचा. दुकानदार शिसपेन्सिल कानाला लावलेला, सोशिक दिसणारा माणूस होता. तो समजावून सांगत होता आणि हे प्रत्येक गोष्ट ट्रकच्या भाषेत करून घेत होते. प्रोसेसर म्हणजे इंजिन. रॅम म्हणजे मागचा हौदा, जितका मोठा तितका माल एका वेळी मावतो. पॉवर सप्लाय म्हणजे टाकी. "टाकी लहान नको," असं हे इतक्या करड्या आवाजात म्हणाले की दुकानदारानं हातातला डबा मुकाट्यानं खाली ठेवून दुसरा काढला. गाडी अडली ती ग्राफिक्स कार्डावर. ट्रकमध्ये तसलं काही नसतं. दुकानदार म्हणाला, "काका, समोरचा रस्ता तुम्हाला हेच दाखवणार. बाकी कुठे हात आखडा, इथे नको." हे लगेच म्हणाले, "म्हणजे काच. काच चांगली द्या." मग आली ती काच विटेएवढी जाड आणि माझ्या हाताएवढी लांब, वर तीन पंखे. आणि ज्यात हे सगळं बसवायचं ती पेटी भाऊजींनी पसंत केली, कारण तिला एका बाजूनं काच होती आणि आत रंगीत दिवे लागत होते. सोनाराच्या दुकानासारखी दिसत होती. दुकानदार कार्डाच्या लांबीबद्दल काहीतरी सांगायला लागला होता, पण भाऊजी "बसतं हो, बसतं," म्हणत पुढे निघूनही गेले.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मी धुतलेली चादर पसरली आणि काम सुरू झालं. पहिला स्क्रू पडला तो थेट सोफ्याखाली. तो मी काढला. (कंबर ती इथे.) प्रोसेसर बसवला, त्यावर कूलर बसवला. कूलर म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावरचं लोखंडी जाळीचं डबडं, ते त्याला थंड ठेवतं. हे सगळं नाजूक काम भाऊजींनी श्वास रोखून केलं, आमचेही रोखायला लावले. मग ते लांबलचक कार्ड आत घालायला गेलो तर बोटभर जागा कमी. फिरवलं, तिरकं केलं, पुन्हा फिरवलं. बसेना. भाऊजी उठले आणि करवत घेऊन आले. आता ते कार्ड कापणार होते की पेटी, हे मला अजून कळलेलं नाही. पण हे ताडकन उठले, टेबलापुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि गरजले, "हात लावून बघ! गाडी आली नाही अजून अंगणात, आणि हा निघाला तिचं नाक कापायला!" वन्सं, किती दिवसांनी एवढं लांब वाक्य! मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि आनंदानं साखर दोनदा घातली. दुकानदाराला फोन केला तेव्हा तो सोशिकपणे म्हणाला की पेटीच्या आत एक रिकामा पिंजरा आहे, तो दोन स्क्रूंवर निघतो, काढा म्हणजे कार्ड बसेल. काढला. बसलं. भाऊजी करवत परत ठेवून आले आणि त्याविषयी पुन्हा कोणी बोललं नाही.

बटण दाबलं. काही नाही. भाऊजींनी कपाळाला हात लावून मदरबोर्ड (ज्यावर बाकी सगळं बसतं ती पाटी) गेल्याचं सांगितलं, अगदी कोणी घरातलं गेल्यासारख्या आवाजात. मी मागून धूळ पुसत होते तर तिथे आणखी एक बटण हाताला लागलं, ते दाबून पाहिलं, आणि मदरबोर्ड परत आला. पंखे फिरले, दिवे लागले, खोली झगमगली, फक्त पडदा तेवढा काळाकुट्ट. पुन्हा दुकानदार. म्हणाला, रॅमच्या पट्ट्या काढून परत बसवा, टक् वाजेपर्यंत दाबा. भाऊजी बाळाच्या गालाला हात लावावा तशा दाबत होते. ह्यांनी त्यांना बाजूला सारलं आणि अंगठा टेकवला. टक्. दुसरी. टक्. पडद्यावर अक्षरं आली आणि आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. शेजारीण दार उघडून बघायला आली. तिला कळेना आम्ही काय पाहून टाळ्या वाजवतो आहोत, कारण पडद्यावर नुसतं 'थांबा' एवढंच होतं.

संध्याकाळी ह्यांनी दुकानातूनच आणून टेबलाला आवळलेलं खोट्या ट्रकचं स्टिअरिंग हातात घेतलं. आरसा पाहिला, सीट सरकवली (आपली खुर्ची हो), आणि निघाले. चित्राला झटके बसत होते, पण ह्यांना वाटलं रस्ताच खराब आहे, त्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही, फक्त वेग कमी केला. घाट लागला आणि निम्म्या चढावर कॉम्प्युटर फट्कन बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा घाट, पुन्हा बंद. हे म्हणाले, "इंजिन तापतंय." भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "दादा, खेळातलं इंजिन! चित्र आहे ते!" मग त्यांनी सॉफ्टवेअर बिघडल्याचं निदान करून सगळं पुसून नव्यानं भरलं. पुन्हा घाट, पुन्हा बंद. हे उठले, पेटीची काच काढून ठेवली, टेबलफॅन आणून उघड्या पेटीवर सोडला आणि पुन्हा निघाले. ट्रक आधीपेक्षा चार वळणं वर चढून मग बंद पडला. भाऊजींचं हसू तिथे संपलं.

रविवारी सकाळी हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. (कोणाला दिसणार होता? पण घातला.) दुपार जवळ येत चालली आणि ट्रक अजून घाटातच. ह्यांचा चेहरा पुन्हा खिडकीतल्यासारखा व्हायला लागला तेव्हा मी फडकं टाकून पुढे झाले. मी म्हटलं, "तापतंय म्हणता ना? मग जिथे तापतं तिथलं खोला." भाऊजींनी नाखुशीनं कूलर उचलला. त्याच्या तळाला एक प्लास्टिकचा कागद तसाच चिकटलेला, आणि त्यावर लिहिलेलं, 'बसवण्यापूर्वी काढून टाका'. आम्ही दोघांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "अक्षर फार बारीक आहे." (बोटाएवढं होतं.) कागद काढला, प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून नळीतली उरलेली लावली आणि सगळं पुन्हा आवळलं. भाऊजींनी पेस्ट कमी पडली तर दातांची चालेल असं सुचवलं. ते आम्ही ऐकलंच नाही असं दाखवलं.

ट्रक घाट चढला! पार वर! तेवढ्यात लेकीचा आवाज स्पीकरमधून आला, "बाबा, मी आले मागे. तुम्ही असे उड्या मारत का चाललाय?" हे म्हणाले, "रस्ता खराब आहे गं." ती म्हणाली, "बाबा, मीही त्याच रस्त्यावर आहे. लोण्यासारखा आहे." मग तिनं मला फोनवर घेतलं आणि पडद्याची वायर मागे कुठे लावली आहे ते बघायला सांगितलं. वायर वरच्या भोकात होती, मदरबोर्डच्या. खालच्या, कार्डाच्या भोकात हवी होती. म्हणजे एवढं तोलामोलाचं कार्ड कालपासून पाहुण्यासारखं नुसतं बसून होतं आणि त्याला कोणी काम सांगितलंच नव्हतं. वायर बदलली. वन्सं, काय सांगू! धुकं उठावं तसा रस्ता समोर आला. झाडांची पानं दिसली, ओल्या डांबरावर दिव्यांच्या रेघा दिसल्या. हे जरा वेळ गाडी कडेला लावून नुसते बघत राहिले.

मग दोघं निघाले, बाप पुढे, लेक मागे. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते, तो तसाच निवला. हे तिला सांगत होते, "आतून नको वळूस, बाहेरून ये, मागचं धूड लांब आहे तुझं." "ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस." "शाबास!" ती खदखदून हसत होती. मग एक लांब सरळ रस्ता लागला आणि समोर बघत बघतच ह्यांनी विचारलं, "तिकडे तुला वेळेवर जेवायला मिळतं का गं?" एवढ्या वर्षांत फोनवर हा प्रश्न मीच विचारत आले. मग ती बोलायला लागली ती किती वेळ बोलली, इस्पितळातलं, खोलीतल्या मैत्रिणीचं, तिला आवडणाऱ्या कोणा एकाचंसुद्धा, जे मलाही ठाऊक नव्हतं! हे "हं, हं, इथे खड्डा आहे, बोल तू," असं करत ऐकत होते. भाऊजी डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून गॅलरीत गेले.

तेव्हापासून घर पुन्हा नांदतं झालं आहे. रात्रपाळीवर जाण्याआधी लेक रोज थोडा वेळ खेळात येते. हे आता जेवताना बोलतात, माझ्याशी भांडतात, परवा तर मिठावरून चांगलं तासभर भांडले. मला किती बरं वाटलं. तुम्ही काळजी करू नका, गुडघ्याला जपा, काठी वापरा.

तुमची लाडकी (असं मी समजते) भावजय

ता. क. वन्सं, आता खरं काम. ह्यांना पंधरा दिवस तुमच्याकडे बोलावून घ्या. नळ गळतो म्हणा, करमत नाही म्हणा, काहीही म्हणा. हे सकाळी फिरायला गेले की मी जरा तो ट्रक घेते. आधी गावातल्या गावात घेत होते, मग महामार्गावर घ्यायला लागले. परवा पुलावरून वळताना ट्रक नदीत गेला. ह्यांचा लाडका, निळा, माल भरलेला. मला बाहेर काढता येत नाही. ह्यांनी अजून उघडून पाहिलेला नाही, गेले दोन दिवस मी 'इंटरनेट बंद आहे' म्हणून वेळ मारून नेते आहे. हे तुमच्याकडे आले की मी निवांत काढीन.

ता. क. दुसरा. आणि खरं सांगायचं तर काढल्यावरही पंधरा दिवस पूर्ण ठेवून घ्या. लेक म्हणते मला उतारावरचे गिअर छान जमायला लागले आहेत.

ता. क. तिसरा. पाकीट हेच पोस्टात टाकणार आहेत, म्हणून डिंक भरपूर लावते.

(खाली, वेगळ्या अक्षरात) ताई, डिंक ओला होता. ट्रक मी कालच बाहेर काढून धुऊन ठेवला आहे, तिला सांगू नकोस. पंधरा दिवस नको, महिनाभर बोलाव. पण तुझ्याकडे इंटरनेट आहे ना ते आधी कळव. येताना पेटी बरोबर आणतो आहे.