पैलवानाने दार लावून घेतले

४ फेब्रुवारी

आजही पैलवान बाहेर आला नाही. शिंपला चिमट्यात तसाच राहिला.

लिहिताना संकोच होतो. पण या पानाशी तरी खोटे बोलू नये. पैलवान म्हणजे हिने पाळलेला मँटिस श्रिंप, कोळंबीसारखा दिसणारा समुद्री जीव. दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत, दगडांखालच्या बिळात त्याचा मुक्काम. देह वीतभरही नाही, पण ठोसा असा की शिंपल्याच्या ठिकऱ्या! ही गेली आणि त्याने अन्न सोडले. माझ्या हातचे घेईना. शेवटी एका संध्याकाळी, दुसरा उपाय सुचेना म्हणून, मी हिचा हिरवा गाऊन अंगात चढवला. तो बाहेर आला! दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवत आला आणि काचेवर ठक् करून त्याने शिंपला मागितला. तेव्हापासून रोज संध्याकाळी पडदे ओढून मी तो गाऊन घालतो.

वजनमापे निरीक्षक म्हणून आयुष्यभर दुकानदारांची खोटी वजने जप्त केली. आता मीच खोटे वजन होऊन काचेपुढे उभा राहतो.

६ फेब्रुवारी

त्याने आतून दगड ओढून दार लावून घेतले — माझ्या देखत! रंगही उतरला आहे. पाठीवरचा मोरपंखी तजेला जाऊन जुन्या पितळेची कळा आली आहे. ठोसे तर बंदच.

कारण उघड आहे. त्याने मला ओळखले. ही म्हणायची, "तुम्हाला निळा कुठला नि जांभळा कुठला कळत नाही, त्याला आपल्याला न दिसणारेही रंग दिसतात." मग त्याला गाऊनमधला नवरा दिसणार नाही?

मुक्या जिवाला फसवले. शरम वाटते.

७ फेब्रुवारी

आज अक्षम्य गोष्ट केली. गाऊन घालून, लांब चिमट्याने दारातले दगड एकेक बाजूला काढले. क्षमा मागायची होती, दुसरे काय! आत तो अंग चोरून बसला होता. मला वाटले, आता ठोसा बसेल. बसायला हवा होता. त्याने नुसते पाहिले. मी दूर झाल्यावर एक दगड कसाबसा पुन्हा जवळ ओढला.

८ फेब्रुवारी

मुलीचा फोन.

"बाबा, पैलवान काय म्हणतो?"

"जरा रुसला आहे."

"रुसला? म्हणजे खात नाही का?"

नाही, म्हणालो. दार लावून घेतले आहे का? होय. रंग फिका पडला? होय. ठोसे थांबले? होय. उलटतपासणीत सापडलेल्या आरोपीसारखा मी एकेक खूण कबूल करत गेलो.

"अहो बाबा, मग रुसलाय कुठला! तो कात टाकणार आहे. आईनं कधी सांगितलं नाही?"

जुने कवच सुटून आतून नवे येते, ते आधी सायीसारखे मऊ असते. तेव्हा त्याला कुणीही मारू शकते. म्हणून तो आधीच दार लावून घेतो.

"फक्त दगडांना हात लावू नका हं. घाबरला आणि मधेच अडकला, तर मरतो तो. लावला नाहीत ना?"

"नाही," मी म्हणालो.

खरे सांगितले असते तर गाऊनही सांगावा लागला असता.

९ फेब्रुवारी

हालचाल नाही. माझ्याही घशाखाली घास उतरला नाही.

११ फेब्रुवारी

हिचे कपडे गरजूंना देण्यासाठी मेहुणी आज येणार होती. मी साफ विसरलो. संध्याकाळची वेळ, अंगात गाऊन. त्याचे दार बंद आहे, तो काही पाहणार नाही, हे मला ठाऊक होते. तरी घातला होता. घंटा वाजली आणि मी तसाच जाऊन दार उघडले.

"अगं बाई!"

मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती आधी हसली. इतकी हसली, की चपलांच्या कपाटावर बसली. "भावजी, ताईच्या तो घोट्यापर्यंत यायचा हो! तुमचे गुडघे दिसतायत!" मग हसता हसताच ती रडू लागली. गाऊनमध्ये तिचे सांत्वन कसे करावे, हे मला समजेना. पाणी आणून दिले.

"प्राण्यासाठी घालतो," मी खुलासा केला. "त्याला हा ओळखीचा आहे."

"मी कुठे काय म्हटलं?" डोळे पुसत ती टाकीपाशी गेली. "जगेल ना हो हा?"

"सांगता येत नाही. त्याचे दार मी मोडले. मुलीला मात्र नाही म्हणालो."

"मग आता हो म्हणा."

"कसे सांगू?"

"तोंडानं! एवढं शिकलात ना?"

बाकीचे सारे कपडे तिने नेले. गाऊन तेवढा खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवला. "पैलवानाला लागतो तोवर असू दे. मग मी येऊन नेईन."

१२ फेब्रुवारी

मुलीला सांगितले. दगड, चिमटा, सगळे. गाऊनसुद्धा, आणि मेहुणीने मला त्यात पाहिले तेही. मग — "आईचा? हिरवा?" आणि थोड्या वेळाने, "मावशीनं फोटो काढला असेल का हो?"

रागावली असती तर सोपे गेले असते.

"आता काही करू नका, बाबा. नुसतं थांबा."

१५ फेब्रुवारी

बिळाबाहेर तो पडलेला दिसला. डोळे, ठोशांचे हात, शेपूट, सारे जागच्या जागी, हालचाल नाही. मग धीर करून चिमट्याने स्पर्श केला, तर पोकळ! टाकलेले कवच होते ते.

मात्र ते टाकणारा जिवंत आहे की नाही, हे दगडांपलीकडे कळत नाही. चिमटा उचलला होता. पुन्हा खाली ठेवला.

२२ फेब्रुवारी

सकाळी कपडे करून वर्तमानपत्र घेऊन टाकीवरून जात होतो. अंगात माझा नेहमीचा पांढरा सदरा.

ठक्!

दगड बाजूला झाले होते. दारात तो — नवाकोरा, झळाळता, डोळे माझ्यावर. गाऊन आणायला वळलो, तर पुन्हा ठक्! तसाच सदऱ्यात शिंपला पुढे केला. घेतला.

मुलीला लगेच कळवले. मेहुणीलाही फोन केला. पैलवान सुखरूप आहे, म्हटले. पण गाऊन त्याला अजून लागतो.