मुठीची वाटणी

मी, चतुराबाई भ्रतार रखमाजी, वय साठीच्या पुढे, राहणार मस्तगड, जालना, जिल्हा औरंगाबाद, आज माझ्याच ओसरीवर बसून, कुणाच्या धाकाने नव्हे तर माझ्या राजीखुशीने, माझ्यामागची व्यवस्था लिहवून घेत आहे. माझी अक्कल जागेवर आहे. लिहिणारे राधेश्याम अर्जनवीस यांना तशी खात्री हवी होती, म्हणून त्यांनी माझे डोळे उपरण्याने बांधले आणि नाकाखाली एकेक चिमूट धरली. नागरमोथा, आवळकाठी, लवंग आणि डाळिंबाची साल मी ओळखली. शेवटच्या चिमटीत त्यांची स्वतःची तपकीर होती, तीही ओळखली. त्यावर त्यांनी ‘बुद्धी शाबूत’ असं लिहिलं आहे.

धंदा विचारल्यावर त्यांनी मला न विचारता ‘घरकाम’ लिहिलं होतं. ते खोडवून असं लिहवलं आहे: दंतमंजन, शिकेकाईचं चूर्ण, उटणं, काजळ व शाई घरी करणे. हा कागदही माझ्याच शाईने लिहिला जात आहे. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक, एवढ्यात ती होते. राधेश्यामांनी सोबत दुकानातली शाईची बाटली आणली होती. ती ओसरीच्या कडेला ठेवली आहे, तिला तिथेच बरं वाटत असावं.

गेल्या दिवाळीपासून माझे दोन्ही हात वाताने धरले आहेत. बोटं मिटत नाहीत. म्हणून हे काम लांबणीवर टाकता येत नाही.

कलम पहिले. मस्तगडातलं हे घर, जे माझ्या नवऱ्याने मरण्याआधी माझ्या नावावर केलं, ते माझा मुलगा रामराव यास मिळावं. अट एकच. परसातला कडुनिंब तोडू नये. त्याच्या फांद्या रस्त्यावर येतात अशी तक्रार आहे. तक्रार करणारेच पहाटे त्याच्या काड्या मोडून दातात धरून जाताना मी पाहिले आहेत.

कलम दुसरे. धान्याच्या उतरंडीत तळाच्या गाडग्यात जे काही निघेल ते माझ्या दिवसकार्याला लावावं. मला शेवटची आंघोळ घालताना माझंच उटणं लावावं. दुकानचा वासाचा साबण लावला तर मला काही बोलता येणार नाही, या गोष्टीचा गैरफायदा घेऊ नये.

कलम तिसरे. खलबत्ता, जातं, लोखंडी कढई, काजळ धरायचं तांब्याचं ताट आणि चूर्ण गाळायचं फडकं माझी सून पुष्पाबाई हिला. फडकं म्हणजे रखमाजींचं जुनं धोतर आहे. हसू नये. इतकं धुतलं गेलेलं कापड बाजारात मिळत नाही, आणि ते नेसणारा माणूसही आता मिळत नाही. माझे चांदीचे गोठही तिलाच. तिच्या हातात ते चढत नाहीत, सोनाराकडून वाढवून घ्यावेत. पुष्पाबाई हसनाबादच्या शेतकऱ्याची लेक आहे, तिचा पंजा बैल आवरणारा आहे. हात मोठा असणं हा दोष नाही, हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहवते.

कलम चौथे. समोरचे किराणा दुकानदार दीपचंदशेठ यांच्याविषयी. ‘चतुराबाई, राखेनं दात घासायचा जमाना गेला,’ असं त्यांनी मला उभा जन्म ऐकवलं. मग ही जर्मनची लढाई सुरू झाली, हैदराबादेहून मंजनाच्या डब्या येईनाशा झाल्या, आणि शेठ माझ्या मागच्या दाराने आले. “थोडा काला मंजन मिलेगा क्या? घर के वास्ते.” घरासाठी म्हणून नेलेलं मंजन त्यांनी पुड्या बांधून ‘खास हैदराबादचं’ म्हणून विकलं. त्यातली एक पुडी भिंतीपलीकडे माझ्या धाकट्या जावेनेही घेतली, आणि असं मंजन आपल्या घरात कधी झालं नाही, असं ती पुष्पाबाईजवळ म्हणाली. एवढ्या एका गोष्टीसाठी शेठवरचा माझा राग मी परत घेते.

कलम पाचवे. हे खरं कलम आहे, बाकीची त्याच्यासाठी लिहवली.

कोळशाचं पीठ मी मापट्याने घेते, पण मीठ, तुरटी आणि लवंग मुठीने. शिकेकाईचं, उटण्याचं तसंच. तराजू मला कधी लागला नाही. हात धरले तेव्हा पुष्पाबाईने तिच्या मुठीने मंजन केलं. दीपचंदशेठच्या मंडळी धापूबाई ते लावून आमच्या दारात आल्या, बोलता येईना म्हणून नुसत्या हिरड्या दाखवत होत्या. अर्धी मूठ घे म्हटलं, तर अर्धी मूठ मिटायची कशी हे कुणालाच ठाऊक नाही. चाखून सांगावं तर वैद्याच्या काढ्याने माझी जीभ मेली आहे, आणि मीठ-तुरटी नाकाला कळत नाही. लवंगा इतक्या महाग झाल्या आहेत की चुकत चुकत शिकणं परवडायचं नाही. म्हणजे मी गेले की माझ्यामागे खलबत्ता उरेल, मंजन उरणार नाही. मला मरणाचं भय नाही, याचं आहे.

एकच हात माझ्या मापाचा आहे. मी आणि माझी ही भिंतीपलीकडची जाऊ तुळजाबाई एकाच मांडवातून या घरात आलो. पहिल्या संक्रांतीला कासाराने माझ्या हातात बांगड्या भरल्या आणि तिच्या हाताचं माप घेतलंच नाही. “दोघींचा हात एकाच साच्यातला हाय,” म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकमेकींच्या बांगड्या घालत होतो.

रामरावाच्या लग्नात मी व्याह्यांच्या बिऱ्हाडी उटणं पाठवलं. तुळजाबाईने दुकानातून साबणाच्या वड्या आणून वाटल्या आणि म्हणाली, “आमच्या बाई राखेनं दात घासाया लावतात, पाव्हण्यांनी भ्यायचं काम न्हाई.” सगळे हसले. मी म्हणाले, “ज्याच्या अंगाला वास मारतो त्याला वासाचा साबण लागतो.” त्यावर कुणी हसलं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. त्या लग्नात मी बोलण्यात जिंकले आणि जन्माची सोबत हरवली, हे समजायला मला फार वेळ लागला.

तरी माझी विनंती अशी: माझ्यामागे तुळजाबाईने एकदा आमच्या ओसरीवर यावं, प्रत्येक जिन्नस आपल्या मुठीने घालून द्यावा, आणि ती मूठ जिथवर भरेल तिथे पुष्पाबाईने नारळाची करवंटी कापून माप करून ठेवावं. हे मी जिवंतपणी मागू शकत नाही. ती नाही म्हणाली तर ऐकायला मी असायचे. राधेश्याम सांगतात की मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार करता येत नाही. तुळजाबाईला मी काहीच देत नाही, तिच्याकडून मागते आहे. म्हणून ती साक्षीला चालते. पुष्पाबाई तिला बोलवायला गेली आहे.

पुरवणी. तुळजाबाई आली. दीपचंदशेठही साक्षीसाठी दुकानातून उठून आले. राधेश्यामांनी सगळा कागद वाचून दाखवला. चौथ्या कलमापाशी तुळजाबाईने शेठकडे पाहिलं.

“ती पुडी बाईची होती?”

शेठ आढ्याकडे पाहू लागले.

पाचवं कलम वाचून झाल्यावर ती राधेश्यामांना म्हणाली, “मेल्यावर काहून? जितेपणी तोंड न्हाई का बाईला?”

मी म्हणाले, “ये, बस.”

“मंग उभी राह्यला आल्ते का मी?”

आणि तिने पदर खोचून मिठाच्या मडक्यात हात घातला. पुष्पाबाईने करवंट्या कापल्या. मंजन कुटून, धोतरातून गाळून शेठच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ओसरीच्या कडेला बसून दात घासले, चूळ भरली आणि म्हणाले, “बिलकुल वही! खास हैदराबादका!” तुळजाबाईने त्यांना जे उत्तर दिलं ते राधेश्यामांनी कागदावर घ्यायला नकार दिला.

मग राधेश्यामांनी विचारलं, “काम तर झालं. पाचवं कलम काटू का?”

मी काही म्हणायच्या आत तुळजाबाई म्हणाली, “राहू द्या. अजून शिकेकाई राह्यली, उटणं राह्यलं. उद्या येते मी.”

म्हणून कलम पाचवे कायम.

मुक्काम मस्तगड, जालना. पौष वद्य पंचमी, शके १८६५, फसली सन १३५३.

लिहून देणार: चतुराबाई भ्रतार रखमाजी, निशाणी अंगठा.

लिहिणार: राधेश्याम अर्जनवीस, सही.

साक्षीदार: दीपचंदशेठ, सही. दुकानच्या बाटलीतल्या शाईने केली आहे, तेवढं चालवून घेतलं.

साक्षीदार: तुळजाबाई, निशाणी अंगठा. बाटली पुढे केली असता ती बाजूला सारून, चतुराबाईच्या काजळीच्या शाईत बुडवून दिला.