अडीच फुटांवरचा कप्पा

मी, मानसिंग कोंडीबा सुतार, वय वर्षे ७४, धंदा सुतारकाम, सध्या बंद, राहणार पिंपळी, तालुका बारामती, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता करतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं उजवा हात गेला तो पुरता परत आला नाही, पण या कागदात त्याचं काम सहीपुरतंच आहे. मजकूर मी सांगितला, वकिलांनी टाइप केला. "आबा, एवढं लिहायची गरज नाही," असं ते दोनदा म्हणाले. लिहा म्हणालो.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं. खालच्या खोल्या व बँकेतली ठेव पत्नी शकुबाई हिला मिळावी. तिच्यानंतर खोल्या मुलगा सुयोग याला. पन्नास वर्षं तिनं माझी कटकट ऐकली, म्हणून ठेव तिनं स्वतःवरच उडवावी.

२. माडीवरची खोली, भिंतीवरच्या मांडणीसह, नात श्रेया सुयोग सुतार हिला द्यावी. सुयोगला ती खोली कॉलेजच्या मुलांना भाड्यानं द्यायची आहे. "ते खेळाचं फळकूट आधी उपटतो," असं तो माझ्यादेखत म्हणाला. म्हणून ते फळकूट काय चीज आहे, हे नोंदवून ठेवतो.

श्रेया तिथं मोठ्या पडद्यावर खेळते. हातात धरायचे चार कंट्रोलर आणि त्यांच्या वायरींचा गुंता कायम जमिनीवर. मांडणी करायला तिनं माझी अवजारं मागितली, तर मी म्हणालो, "पोरीच्या जातीनं पटाशीला हात लावायचा न्हाय." याची मला लाज वाटते. तिनं मैत्रिणीचं ड्रिल आणलं, जुन्या दाराची सागवानी फळी घेतली, शेतातले उरलेले पाइप उभे चिरून त्यांचे कप्पे केले. प्रत्येकामागं वायरीला भोक. वायर कापू नये म्हणून भोकं आतून पॉलिश पेपरनं घासलेली. मी जन्मभर दारं-चौकटी केल्या, भोक आतून कधी घासलं नाही.

तीन कप्पे ओळीत, चौथा मात्र दोन फूट खाली, जमिनीपासून अडीच फुटांवर. वाकडं दिसलं की सुताराच्यानं बघवत नाही. ती कॉलेजला गेल्यावर माझा मित्र, वखारवाला बादशाह, याला बोलावून मी तो वर ओळीत बसवून घेतला. संध्याकाळी तिनं परत खाली नेला.

"चुकलंय ते," मी म्हणालो.

"न्हाय चुकलं, आबा. तो तुमचा हाय. तुमचा हात तितकाच वर येतोय."

"कधी मोजलंस गं?"

"तुमी कपबशी उचलत हुता तवा."

मला रडू आलं. तेव्हापासून रोज खुर्चीत बसून मी माझ्या हातानं कंट्रोलर काढतो आणि पडद्यावर ट्रॅक्टर चालवतो. नांगरट वाकडीच होते, पण बोटं हलायला लागली. असं मापाचं काम माझ्या हातून झालेलं मला आठवत नाही.

३. रंधे, करवती, पटाश्या, सगळी अवजारं श्रेयाला. खंडेनवमीची पूजा तिच्याच हातानं व्हावी. धार लावायला शिकवायचं राहिलंय, ते मी जिवंतपणीच उरकतो. सुयोगनं राग धरू नये, त्यानं कधी अवजारं मागितली नाहीत.

४. बादशाहनं नेलेला माझा काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या सव्वीस वर्षं परत आलेला नाही. तो त्यालाच बक्षीस द्यायचं मनात होतं. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकील म्हणतात. तेव्हा मुकाट्यानं आणून द्यावा.

५. चौथा कप्पा माझ्यामागं वर सरकवू नये. शकू रोज माझ्याशेजारी बसून खेळ बघते, तिला वाटतं माझं लक्ष नाही. तिचाही हात आता फार वर जात नाही. श्रेयानं तिला शिकवावं.

सही, उजव्या हातानं: मानसिंग कोंडीबा सुतार

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
बादशाह इमाम मुलाणी, पिंपळी. गुण्या सोबत आणलाय.
अविराज दत्तू देवकाते, पिंपळी.

बारामती, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५