मागच्या खणाची वाट

लिहून ठेवणार चांदबी बेवा उस्मान मण्यार, वय साठीच्या आसपास, नक्की कोणाला माहीत नाही, धंदा बांगड्या भरण्याचा, राहणार कसबे राहुरी, जिल्हा अहमदनगर.

लिहून ठेवते ते असे, की पावसाळ्यापासून माझी छाती भरून येते आणि ओट्यावरून रस्त्यापर्यंत गेले तरी दम लागतो. डोकं मात्र ठिकाणावर आहे. विश्वास नसेल त्याने कोणत्याही बाईचा हात पुढे करावा, नुसता बघून बांगडीचं माप सांगते. कोणी भरीस घातलं नाही, कोणी धाक घातला नाही. माझ्यामागे या घरात काय होईल, या काळजीने डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून हे मृत्युपत्र करते. लिहिणारे आसाराम गुरुजी इथल्या शाळेचे मास्तर आहेत. ते मधूनमधून म्हणतात, "चांदबी, असलं मृत्युपत्रात घालत नाहीत." मी म्हणते, "मृत्यू माझा हाय ना गुरुजी? मग घाला."

कलम पहिले, माझी माणसं. मला दोन मुलगे झाले. थोरला मोहियोद्दीन विषमज्वराने गेला, त्याला दोन वर्षं होतील. त्याची बायको बानू आणि मुलगी सकीना माझ्याजवळ आहेत. धाकटा कादर आणि त्याची बायको खुर्शीद, त्यांना मूलबाळ नाही. आमच्या शरियतीप्रमाणे एक मुलगा हयात असता मेलेल्या मुलाच्या लेकराला आजीच्या मिळकतीत काही पोचत नाही, आणि सुनेला तर नाहीच नाही. माझ्यामागे सगळं कादरचं. मृत्युपत्राने मला फार तर तिसरा हिस्सा दुसऱ्या कोणाला देता येतो. त्याहून जास्त द्यायचं तर कादर राजी पाहिजे. हे गुरुजींनी नगरच्या वकिलाला विचारून घेतलं आणि मी मौलवीसाहेबांना विचारलं. दोघांचं एकच म्हणणं पडलं, कधी नव्हे ते.

कलम दुसरे, घर. घर तीन खणांचं, एकामागे एक. पुढचा खण बाजाराच्या रस्त्यावर, तिथे कादरचं दुकान. मधल्यात कादर आणि खुर्शीद राहतात. मागचा चुलीचा, तिथे मी, बानू आणि सकीना. मागे दार नाही, शेजाऱ्याची भिंत आहे.

मला पुढचा खण बानूला द्यायचा होता. वकील म्हणाला, रस्त्याकडचा खण एकटाच अर्ध्या घराच्या किमतीचा आहे, कादरने हरकत घेतली तर टिकणार नाही. म्हणून मागचा चुलीचा खण मी बानू बेवा मोहियोद्दीन हिला देते. तिच्यामागे तो सकीनाचा. अडचण अशी, की त्या खणात जायचं तर कादरच्या दोन खणांतून जावं लागतं. गुरुजींनी लिहिलं आहे ते असे: बानू व तिची मुलगी यांस पुढील व मधल्या खणांतून येण्याजाण्याचा वहिवाटीचा हक्क कायम राहील. चांगलं लिहिलंय, वाचून दाखवलं तेव्हा मला बरंही वाटलं. मग मी विचारलं, "गुरुजी, रात्री पुढच्या दाराला आतून कडी कोण घालणार?" बानू पाण्याची घागर घेऊन येईल, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असेल, आणि कादर नुसता कपाळाला आठी घालील. तेव्हा ती बिचारी हा कागद दाखवणार का? वाट मी लिहून दिली. ते दार उघडं ठेवणं माझ्या हातात नाही.

कादर वाईट नाही, हे इथे लिहावं. मला औषधपाणी करतो, सकीनाला बत्तासे आणतो. पण त्याच्या डोक्यात दुकान शिरलंय. काचेचं कपाट आणलं, त्यात न फुटणाऱ्या रबरी बांगड्या मांडल्या. म्हणतो, "अम्मा, नवा जमाना आलाय. बायका मोटारीने नगरला जातात, आपल्या हाताने बांगड्या चढवतात. मालाला जागा पाहिजे, मागचा खण रिकामा झाला तर बरं. भाभीला कर्जतला भावाकडे पोचवू, तिचं माणूस आहे तिथं." तिचं माणूस! तो भाऊ मयतीनंतर भेटायला आला तेव्हाच मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "खाला, माझ्याकडं सात खानारी तोंडं हाईत." हे मी कादरला सांगितलं. या कागदावर राजीखुशीची सही कर, म्हणजे पुढे वाटेवरून तंटा नको, असंही सांगितलं. तो म्हणाला, "बघू." त्याचा बाप बघू म्हणाला की काम झालंच समजावं. याच्या बघूचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

कलम तिसरे, धंदा. टोपली, बांगड्यांच्या माळा आणि मुळा नदीपलीकडची माझी गावं बानूला. गावं काही माझ्या मालकीची नाहीत, हे मला कळतं, गुरुजी. पण तिथल्या बायका माझ्या आहेत. कादरचे अब्बा गेल्यावर इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढून मी पहिल्यांदा बाजारात टोपली मांडली, तेव्हा बायका लांबून बघत उभ्या. विधवेच्या हातून बांगड्या कशा भराव्यात, म्हणून कोणी पुढे येईना. तेव्हा पाटलांच्या वाड्यावरची राहीबाई गर्दीतून आली, फतकल मारून समोर बसली आणि दोन्ही हात पुढे करून मोठ्यांदा म्हणाली, "भर गं चांदबी, आन् हिरव्याच भर." त्या दिवसापासून आजपर्यंत माझी टोपली रिकामी गेली नाही. म्हणून या कागदाला साक्षीदार राहीबाई. तिला अक्षर येत नाही तर नसू दे.

बाईचा हात हातात घेतला की ती बोलते, हा माझा अनुभव. हात ताठ धरला तर मोठ्या मापाचीसुद्धा बांगडी वाढते (आम्ही फुटली म्हणत नाही) आणि काच लागते. ढिला सोडला तर लहानही चढते. म्हणून मी म्हणायची, "बये, हात सोड, आन् काय झालंय ते सांग." सासू, जाऊ, नणंद, सगळं निघायचं. बांगड्या भरून होईतो निम्मं भांडण मिटलेलं असायचं. गुरुजी शाळेत सुख कशाला म्हणतात ते शिकवत असतील. मी पाहिलं ते एवढंच, की जिला चुलीपाशी बसून मोकळं बोलायला घरातलं एक माणूस आहे, ती बाई जोंधळ्याच्या कण्या खाऊनही हसते. नसेल तर पाटल्या घालूनही रडते. साऱ्या तालुक्याच्या बायका माझ्याकडे शहाणपण मागायला आल्या. माझ्या घरात ते कोणी मागितलं नाही, आणि मी न मागता दिलं तेही लागू पडलं नाही.

कलम चौथे, माझ्या दोन सुना. हे कलम मिळकतीचं नाही. गुरुजी लेखणी खाली ठेवून बसले होते, मी परत उचलायला लावली. बानू आणि खुर्शीद एका ताटात जेवायच्या. एकमेकींच्या वेण्या घालायच्या, मला हसायच्या. मोहियोद्दीन गेला त्या दिवशी मी शुद्धीवर नव्हते. गल्लीतल्या म्हाताऱ्या जमल्या आणि बानूचे हात मोकळे करा म्हणून कालवा केला. आमच्या किताबात असं कुठेही नाही, पण गावची रीत. कोणी पुढे होईना, तेव्हा खुर्शीदला ढकलली. पोरीने रडत रडत वरवंट्याने बानूच्या बांगड्या वाढवल्या. बानूने हात ताठ धरला होता. काच मनगटात गेली, तो व्रण अजून आहे.

त्या दिवसापासून दोघी बोलत नाहीत. बानूला वाटतं, हिने हौसेने केलं. खुर्शीदला वाटतं, ही मला शाप देते, म्हणून माझी कूस उजवत नाही. खुर्शीदने त्यानंतर काचेची बांगडी हातात घातली नाही. मण्याराची सून, आणि हातात नुसती पितळी कडी! मी बानूला सांगितलं, ती रडत होती गं. खुर्शीदला सांगितलं, ती शाप देत नाही गं. दोघी मान डोलावतात, आणि पुन्हा एकीची चूल मधल्या खणात, एकीची मागच्या. मी काय करू? हात धरून बसवलं तरी तोंड कसं उघडू? परक्यांची भांडणं मिटवणारी मी, माझ्या घरात मला कोणी विचारत नाही, असं वाटून कधी कधी जीव नकोसा होतो.

म्हणून सांगते, की माझ्या मयतीला मला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, या दोघींनीच द्यावं, दुसऱ्या कोणी हात लावू नये. एकीने पाणी घालावं, दुसरीने अंग चोळावं. "इकडे घाल, जरा हळू, आता या कुशीवर," एवढं तरी एकमेकींना म्हणावंच लागेल. त्या म्हाताऱ्या येतील, त्यांना आत घ्यावं, बसवावं, पण त्यांचं काहीही ऐकू नये.

कलम पाचवे. माझ्या पेटीत तळाशी जपानी हिरव्या बांगड्यांची एक जोडी आहे. लढाईपासून असला माल येत नाही. बानूचं वय काही गेलेलं नाही. उद्या तिला पुन्हा निकाह करावासा वाटला तर कोणी आडवं येऊ नये, आणि या बांगड्या खुर्शीदने तिच्या हातात भराव्यात. गुरुजी म्हणतात, अशी अट कोर्टात चालत नाही. मला ठाऊक आहे. पेटीतलं बाकी सगळं, आणि घराचे पुढचे दोन खण, कादरचे.

यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही. वर लिहिलेलं मला वाचून दाखवलं, ते माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. ठिकाण राहुरी, तारीख १७ नोव्हेंबर सन १९४६.

चांदबी बेवा उस्मान मण्यार, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: राहीबाई, निशाणी अंगठा. मच्छिंद्र सहादेव, शेजारी, सही दस्तुरखुद्द.

राजीखुशीची सही, कादर उस्मान:

लिहिणाराची नोंद. कादर यास दोनदा बोलावणे पाठविले. पुढच्याच खणात होता. गिऱ्हाईक आहे, येतो, असा निरोप आला. चांदबीने दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली. जागा कोरी ठेवली आहे. त्यानंतर त्याची बायको खुर्शीद मधल्या खणातून आली आणि अंगठा कुठे करायचा, असे मला विचारू लागली. तिच्या अंगठ्याला कायद्यात किंमत नाही हे मी तिला सांगितले. तिने तरीही कोऱ्या जागेखाली तो उमटवला. चांदबीने तिचा शाईचा हात धरून ठेवला आणि चुलीकडे तोंड करून बानूला हाक मारली. "पीठ मळतेय," असे उत्तर आले. पुन्हा हाक मारली, तेव्हा परातीचा आवाज तेवढा वाढला. खुर्शीद हात सोडवून मधल्या खणात गेली. राहीबाई निघताना मागच्या आणि मधल्या खणांमधले दार आपल्यामागे ओढून घेऊ लागली, तर चांदबी म्हणाली, "राहू दे बाई, उघडंच राहू दे."

दस्तूर आसाराम, शाळा मास्तर, राहुरी.