तू झाडून टाकलेले राळे

प्रिय आत्या,

तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मी तुला पत्र लिहायला बसलोय. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, हे ठाऊक असूनही. काल वर्गात एका मुलीनं मला गप्प केलं, म्हणून हा उद्योग.

मी अजून भुतंच शिकवतो बघ. सिनेमातला काळ्या झग्यातला रक्तपिपासू गोरा साहेब आणि आपल्या शिवारातली हडळ यांचं नातं काय, असं औरंगाबादच्या पोरांना सांगत असतो. पोरं खूश असतात. मी हा विषय घेतला तेव्हा तू म्हणाली होतीस, "एवढं शिकला आन् भुतं हुडकायला लागला व्हय?" तरी मी फुलंब्रीला उतरून, चालत गावात आलो की ताटात भाकरी टाकून तूच गोष्ट सुरू करायचीस.

काल मी तुझी गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगतो. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्या आजींचं पुढं काय झालं?" इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तास लवकर सोडला.

आठवतं तुला ती दुपार? मी वही घेऊन बसलो होतो आणि तू शेंगा फोडत होतीस. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, लेकराचं रक्त प्यायला घरी येते, म्हणून तिच्या तिरडीमागं वाटेवर राळे टाकतात, हे तू सांगितलंस. सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नाही. मी जागेवरच उडालो! तिकडं युरोपातसुद्धा कबरीवर खसखस टाकत, पिशाच्चानं मोजत बसावं म्हणून. हे मी तुला कौतुकानं सांगत सुटलो आणि तू शेंगा फोडायची थांबलीस.

मग तू सुमनताईचं सांगितलंस. तुझी थोरली लेक, पहिल्याच बाळंतपणात गेलेली. तिच्यामागंही राळे टाकले होते. माणसं मसणवट्यात होती, बायका आंघोळीला विहिरीवर गेल्या होत्या. मढं उचलल्यावर घर झाडायचं असतंच, त्यामुळं तुझ्या हातातल्या झाडूकडं कुणी बघितलं नाही. तू उंबऱ्यापासून झाडत निघालीस आणि थेट वेशीपर्यंत वाट साफ केलीस. सगळे राळे पदरात भरून उकिरड्यावर टाकलेस.

"रगत प्यायला येती म्हणत्यात," तू म्हणालीस. "मी म्हणलं, येऊ दी. आई हाय ती. लेकराला पाजंल, दुसरं काय करंल?"

आणि लगेच म्हणालीस, "रंगा, हे कुठं बोलू नगं. कमलचं लगीन व्हायचंय अजून." सुमनताईची ती लेक तूच वाढवली होतीस. मी तुझ्या पायाला हात लावून 'नाही बोलणार' म्हटलं. त्या हाताला शेंगांची माती लागली होती, तेवढी झटकली आणि एसटीत बसून सगळं उतरून काढलं. तुझे शब्द विसरेन अशी भीती होती ना मला!

दीड महिन्यानं पेपरच्या रविवारच्या पुरवणीत माझा लेख आला. तुझं नाव घातलं नव्हतं, एवढी अक्कल मी दाखवली होती. पण "माझ्या आत्यानं" असं लिहिलं. का लिहिलं? फुशारकी, दुसरं काय. ही गोष्ट दुसऱ्या कुणाला मिळाली नसती, हे लोकांना कळायला हवं होतं. मला आत्या एकच, हे गावात कुणाला माहीत नव्हतं?

कमलची सोयरीक देवगाव रंगारीला जमली होती. लेख तिथं पोचला. पोरीला हडळीनं पाजलंय म्हणून त्यांनी सुपारी परत पाठवली.

तुझ्या घरी बैठक बसली तेव्हा मी होतो. भावकीतले चार म्हातारे, दाराआड कमल. मला कुणी काही विचारायच्या आधीच तू बोललीस, "त्याला काय इचारता? मीच म्हणलं व्हतं लिही म्हणून." दाराआडून कमल आत निघून गेली. मी तुझ्याकडं बघितलं, तू माझ्याकडं बघितलं नाहीस. माझ्या हातात चहाची बशी होती. मी चहा प्यालो, आत्या. तुला खोटं पाडायला एक वाक्य लागलं असतं. माझी नोकरीची मुलाखत पंधरा दिवसांवर होती आणि गावात बोभाटा नको होता.

पुढं कमलचं बिडकीनला लग्न झालं, बरं झालं. पण तुझ्याशी ती बोलली नाही. आज्जीनं मिरवायला माझ्या आईला पेपरात घातलं, असंच तिला वाटत राहिलं. तू शेवटच्या आजारात दोनदा तिला निरोप धाडलास. ती आली ती तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, राख सावडायला.

एवढं सगळं का पोटात घातलंस गं? एकदा माझ्या थोबाडीत मारायची होतीस.

रक्त पिणारा मीच, असं एक वाक्य मघाशी लिहिलं होतं. खोडलं. तेही टाळ्या घ्यायचंच वाक्य.

येत्या रविवारी मी बिडकीनला जातोय. वही, लेख, काही नेणार नाही. माफी मागायचा हक्क मला कमलकडं नाही, ती मागायची तर तुझ्याकडं, आणि ती वेळ मी चहा पिण्यात घालवली. कमलला एवढंच सांगणार, की तुझी आज्जी मला कुठं बोलू नको म्हणाली होती. पायाला हात लावून मी शब्द दिला होता आणि ती बैठकीत खोटं बोलली ती माझ्यासाठी. कमल घराबाहेर काढेल. काढू दे. तिला तिची आज्जी परत मिळाली की मी निघेन.

तुझा भाचा,
रंगा