खळीची जुजबंदी

ता. ६ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

काल वाचनालयाच्या सभेत, तुम्ही बांधून पाठवलेला माझ्या भाषणांचा संग्रह हातात धरून मी जुजबंदीवर बोललो. जुज म्हणजे भाग. म्हणून तर क्षुल्लक गोष्टीला आपण जुजबी म्हणतो. पण पानांचा एकेक भाग घडीतून शिवला, शेजारच्या भागाशी दोऱ्यानं बांधला, की त्या जुजबींचा ग्रंथ होतो! माणसांचंही तसंच, असं गरजून मी पुस्तक ताडकन उघडलं. अर्धी पानं अध्यक्षांच्या मांडीवर. दोरा नव्हताच, नुसती खळ! सभा खो खो हसली. संतापाच्या भरात मी तुमचं नाव घेतलं, बाइंडरनं फसवलं म्हणालो. मामा, असं का केलंत?

मामीला नमस्कार. रागावलोय, तरी लोभ असावा.

तुमचा भाचा

ता. १२ जून

चि. भोंग्यास, अनेक आशीर्वाद.

लबाडी माझीच. हिवाळ्यापासून उजव्या हातात सुई ठरत नाही. मामी कानीकपाळी ओरडत होती की पोराला कळवा. मला लाज वाटली. म्हटलं, तुझी भाषणं लोक ऐकतात, उघडून वाचतंय कोण!

वाचनालयानं बांधायला दिलेली सगळी पुस्तकं परत नेली, हात धड असताना शिवलेलीसुद्धा. आता दुकानात कागद कापायचं यंत्र आणि मी, एकमेकांची तोंडं बघत बसतो. दुकान राहील असं वाटत नाही.

तुझा मामा

ता. १५ जून

ती. मामांस,
सा. न.

मान वर करवत नाही. माणसं बांधा म्हणून घसा फोडणारा मी, आणि तुमचा हात कापतो हे मला ठाऊक नाही! दोन वर्षांत दुकानाची पायरी चढलो नाही. आणि वर तुम्हालाच फसवणारा म्हणालो. अपराध पोटात घाला.

अपराधी भाचा

ता. १९ जून

चि. भोंग्यास, आशीर्वाद.

नाव घेतलंस भर सभेत आणि माफी पाठवतोस पाकिटातून? मामी म्हणाली, तुम्हीही काही वेगळे नाही. खोटं काम गावभर, कबुली घरच्या घरी. बरोबर बोलली.

रविवारच्या सभेला मी येतोय. दोरा नव्हता, हे आधी मी सांगेन. का नव्हता, हे विचारायला तू फिरकला नाहीस, ते मग तू सांग. ऐकून काम द्यायचं की नाही, ते वाचनालयवाले ठरवतील.

माझा आवाज लहान आहे. माया आहे तशीच आहे. मी बोलत असेन तेवढा वेळ मात्र गप्प बस.

तुझा मामा