नारळी पौर्णिमा, दर वर्षी दहा ऑगस्टला

१ जानेवारी १९९६
नवीन वर्ष, नवीन डायरी. संकल्प एकच. ठाण्यापासून खडवलीपर्यंतच्या सगळ्या खाद्यजत्रांची बारमाही मार्गदर्शिका लिहायची. कुठल्या मोसमात, कुठे, काय खावं. असं पुस्तक आजवर कुणी लिहिलेलं नाही. म्हणजे लोक वाटच बघताहेत.

संध्याकाळी मंजुळाने जाहीर केलं की तळमजल्यावरचा, शेजारच्या अण्णांचा गाळा तिला मिळतोय आणि ती तिथे पोळी-भाजी केंद्र काढणार. मी म्हटलं, अगं, पोळी-भाजी घरोघरी होते, विकत कोण घेणार? ती म्हणाली, जिला ऑफिसातून येऊन कणीक मळायचा कंटाळा येतो ती. लॉजिक कच्चं आहे. पण बायकोला एकदम तोडू नये.

१४ जानेवारी, रविवार
खडवली. हुर्ड्यासाठी. आमच्या बार्शीकडे जानेवारी म्हणजे हुर्डा, तेव्हा हे पान आधीच लिहून ठेवलेलं. सोबत दही, गूळ, लसणीची चटणी घेऊन गेलेलो. नदीजवळ भिवा नावाचा शेतकरी भेटला. म्हणाला, इथं ज्वारी कुठली साहेब, इथं भात. मी म्हटलं, मग भाताचा हुर्डा लावा. तो म्हणाला, पाणी देऊ का प्यायला?

नदीकाठी बसून दही-गूळ खाल्लं. पाच मिनिटांत उठलो, वारं फार होतं. मार्गदर्शिकेत दुरुस्ती: "खडवली, हुर्डा (जाण्यापूर्वी चौकशी करावी)."

१७ फेब्रुवारी
ठाण्यात महिला मंडळांचा खाद्यमेळा. सुंदर आयोजन. थालीपिठाच्या रांगेत उभा राहिलो. पुढे फार माणसं. पुरणपोळीची रांग छोटी वाटली म्हणून तिकडे गेलो. तिथे गेल्यावर थालीपिठाची रांग सरसर सरकायला लागली, म्हणून परत आलो. मग वाटलं मोदक आधी संपतील. मोदक संपलेच होते. तेवढ्यात पुरणपोळी संपली. थालीपीठवाल्या बाई तवा घासत होत्या.

मैदानाबाहेर भेळ खाल्ली. सर्वेक्षण मात्र संपूर्ण झालं, एकही स्टॉल बघायचा राहिला नाही.

घरी मंजुळाने विचारलं, काय काय खाल्लंत? मी म्हटलं, संशोधक खात नाही, नोंदी घेतो. तिने पिठलं टाकलं. चांगलं होतं, पण घरचं ते घरचंच, त्याला मार्क कोण देतं?

९ मार्च
आज कोळीवाड्याचं पान पूर्ण केलं. हे माझ्या पुस्तकाचं शिखर आहे. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर देवराम बसतो. ठाण्याच्या कोळीवाड्यातला. गेल्या वर्षी त्याने नारळी पौर्णिमेला घरी बोलावलेलं. मला जमलं नाही, पण तारीख मी लगेच टिपून ठेवलेली. लिहिलं: "नारळी पौर्णिमा, दर वर्षी १० ऑगस्ट. पापलेट, सुरमई, कोलंबी. दुपारी बारापासून. पोटभर."

मेनू अंदाजाने टाकला. पण कोळ्यांचा सर्वांत मोठा सण, तिथे मासे नसतील तर काय साबुदाण्याची खिचडी असेल? देवरामने वाचायला मागितलं. म्हटलं, छापून आल्यावर वाच. घरच्या माणसाला आधी कशाला दाखवायचं!

५ मे
मार्गदर्शिकेच्या झेरॉक्स प्रती तयार. पिवळं कव्हर. सोसायटीत घरोघरी वाटल्या. सेक्रेटरी रघु म्हणाला, कमाल केलीत विठ्ठलराव, यातल्या एका ठिकाणी आपण सगळे मिळून जाऊ या. मी ताबडतोब कोळीवाडा सुचवला.

मंजुळाने दुपारी पोळ्या लाटता लाटता चाळलं आणि म्हणाली, अहो, या सगळ्या गेल्या वर्षीच्या तारखा आहेत. यंदा अधिक आषाढ आहे. पुढचे सगळे सण लांबलेत.

मी तिला शांतपणे समजावलं की मार्गदर्शिका कायमस्वरूपी असते. दर वर्षी तिथी बघून बदलत बसलो तर ती मार्गदर्शिका कसली, ते पंचांग झालं. लोकांना एक पक्की तारीख लागते. जग इंग्रजी तारखेवर चालतं. ती म्हणाली, समुद्र नाही चालत.

उत्तर देणार होतो, पण ठाण्यात आंबा महोत्सव होता. निघालो. पाच स्टॉलवर फोडी चाखल्या, सहाव्या स्टॉलवाल्याने विचारलं, घेणार आहात का नुसतेच फिरताय?

३० जून
मंजुळाचा गाळा रंगवून झाला. अधिक महिन्यात शुभकार्य नको म्हणून उद्घाटन पुढे ढकललंय. नारळी पौर्णिमेला सत्यनारायण घालून सुरुवात. तिच्या कॅलेंडरप्रमाणे ती २८ ऑगस्टला येते. असो.

रात्री जेवताना म्हणाली की एकच मागणं आहे. पूजेला माझ्या शेजारी शेवटपर्यंत बसा. वास्तुशांतीला तुम्ही संकल्प सोडला आणि मांडववाल्याशी भांडायला उठलात. आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या पूजेला आरतीच्या आधी श्रीखंडाचा दर्जा बघायला गेलात. मी प्रत्येक वेळी रिकाम्या पाटाशेजारी बसलेय. बायका बघतात. ही पूजा माझी आहे.

डोळे भरून आले होते तिचे. मलाही कसंतरी झालं. म्हटलं, अगं वेडी आहेस का, शब्द दिला. पाटावरून हलणार नाही.

इथेही लिहून ठेवतो: हलणार नाही.

१० ऑगस्ट, दुसरा शनिवार
कोळीवाडा. मिनीबसने. सोसायटीतली बरीच मंडळी. मंजुळा आली नाही, म्हणाली आज एकादशी आहे आणि पौर्णिमेला अवकाश आहे. तिला काय कळतंय, असं बसमध्ये सगळ्यांना हसत हसत सांगितलं.

पोचलो तर होड्या उलट्या टाकलेल्या, त्यांना रंग चालू. देवराम बनियनवर जाळं दुरुस्त करत बसलेला. एवढी माणसं बसमधून उतरताना बघून घाबरला. त्याला वाटलं कुणाचं तरी काही बरंवाईट झालं आणि ऑफिस भेटायला आलंय. त्याची आई जनाबाई ओटीवर रडायच्या तयारीत आली.

मी विचारलं, जेवण? तो म्हणाला, अरे विठ्ठलराव, पुनव कुठं आलीय अजून! अजून अवस पण नाय झाली.

परतीच्या बसमध्ये रघु मागे कुणाला तरी म्हणाला, पिवळं कव्हर बघूनच मला शंका आलेली. मला ते सहन झालं नाही. उभा राहिलो आणि तिथल्या तिथे जाहीर केलं: २८ तारखेला हीच बस, हाच कोळीवाडा, माझी गॅरंटी.

घरी मंजुळा म्हणाली, अहो, अठ्ठावीसला पूजा आहे.

मी हिशेब मांडून दाखवला. दुपारी बाराला मासे. दोनला बस. चारला घरी. आंघोळ. पाचला पूजा. कुठेही अडचण नाही. ती म्हणाली, मासे खाऊन पूजेला बसणार? मी म्हटलं, मी खाणार नाही, फक्त नोंदी घेईन.

ती आत निघून गेली.

२१ ऑगस्ट
तयारी जोरात. काही लोक श्रावणाचं कारण सांगून गळाले. श्रावण पाळणारा माणूस खरा खवय्या नव्हेच. उरलेल्यांनी सीएल टाकलीय. वार बुधवार, म्हणजे मासे खायचाच वार. माझं नियोजन बघा.

आज ऑफिसात देवराम काहीतरी सांगत होता, दुपारी नका येऊ, आधी संध्याकाळी नारळ जातो, मग आमच्यात गोडाचं वगैरे. अर्धं ऐकलं. साहेबांनी बोलावलेलं. म्हटलं, काळजी करू नकोस, मेनू माझ्याकडे लिहिलेला आहे.

मंजुळाने माझं सोवळं धुऊन, इस्त्री करून ठेवलंय.

२८ ऑगस्ट
सकाळी ९. निघताना गाळ्यात डोकावलो. तोरण, केळीचे खांब, चौरंग. दोन पाट शेजारी शेजारी. मंजुळा नवी साडी नेसलेली, एकदम तरुण दिसत होती. चारला येतो म्हटलं. ती म्हणाली, या.

दुपारी १२.३०. कोळीवाडा. काय वातावरण! होड्यांना पताका, बँड, बायका नटलेल्या. वास मात्र येत नाही. माशांचा. बहुधा वारा उलटा आहे.

१.१५. देवराम म्हणाला, नारळ संध्याकाळी वाजतगाजत खाडीवर जाणार, तोवर घरात कुणी पान मांडत नाही. आणि मासे? मी विचारलं. तो म्हणाला, होड्याच नाय गेल्यात दोन महिने, मासे कुठले? आज दर्याला नारळ देणार, मग जाळं पडणार. आज नारळीभात.

मंडळींना हे एकदम सांगितलं नाही. म्हटलं, थोडा उशीर आहे.

२.३०. मंडळींना कळलं. रघु नको ते बोलला. कोपऱ्यावरचा वडेवालासुद्धा सणामुळे बंद. एकाने माझी मार्गदर्शिका माझ्याचसमोर वारा घ्यायला वापरली.

३.००. बंड. सगळे बसमध्ये जाऊन बसले. रघु म्हणाला, विठ्ठलराव, चला, पाचला वहिनींची पूजा आहे, तिथे निदान जेवायला तरी मिळेल. मी म्हटलं, इथे थांबल्याशिवाय नोंद पूर्ण होणार नाही. आज मी परत गेलो तर माझं पुस्तक खोटं ठरतं. तुम्ही व्हा पुढे, मी मागून रिक्षाने येतो. वेळ भरपूर आहे.

बस गेली. एकदम सुनं वाटलं.

४.१०. पीसीओवरून अण्णांकडे फोन. निघतोच म्हणून कळवलं. मिरवणूक सुरू होताना दिसली, म्हणून जरा थांबलो.

४.५०. पुन्हा फोन. अर्ध्या तासात पोचतो. अण्णा म्हणाले, गुरुजी आलेत. मी म्हटलं, त्यांना चहा द्या.

५.३०. नारळ अजून अर्ध्या वाटेवर. आता निघालो तर सकाळपासूनचं सगळं फुकट. पुन्हा फोन. अण्णांनी मंजुळाला विचारून सांगितलं: सावकाश या म्हणतेय.

समजूतदार आहे. उगाच घाबरत होतो.

७.००. नारळ गेला. जनाबाईंनी पाटावर बसवून नारळीभात वाढला. म्हणाल्या, बायको कुठंय तुमची, सणाला एकटेच कसे आलात? मी म्हटलं, ती पूजेत आहे. त्यांनी वाढता वाढता हात थांबवला. तुमच्या घरी पूजा हाय नि तुम्ही हितं? असं म्हणाल्या.

भात उत्तम होता. दोन घास खाऊन रिक्षा शोधायला उठलो.

२९ ऑगस्ट
काल पोचलो तेव्हा गाळा धुऊन पुसून बंद झालेला.

सकाळी जाग आली तेव्हा मंजुळा खाली गेलेली होती. बाल्कनीतून बघितलं. केंद्राबाहेर रांग. पर्स लटकवलेल्या बायका, डबे घेतलेले पुरुष. रघुसुद्धा.

अण्णा जिन्यात भेटले. पूजा फार छान झाली म्हणाले. बसवाली सगळी मंडळी वेळेवर आली, प्रसाद घेतला, पोटभर जेवली, मंजुळाच्या भाजीला नावाजलं. मी विचारलं, माझा पाट? म्हणजे, माझ्यावाचून अडलं असेल ना? अण्णा म्हणाले, थोडा वेळ अडलं खरं. गुरुजी म्हणाले, यजमानीणबाईंना एकटं कसं बसवायचं. मग त्यांनीच तोड काढली. बायको हजर नसली तर नवऱ्याशेजारी सुपारी ठेवतात, मग नवरा हजर नसला तर सुपारी ठेवायला काय हरकत आहे? तुमच्या पाटावर सुपारी ठेवली. तिलाच गंध लावलं, तिलाच अक्षता वाहिल्या.

बरं, म्हटलं.

अण्णा म्हणाले, मंजुळा संबंध पूजाभर हसतमुख होती. इतकी निवांत बसलेली आम्ही तिला कधी बघितली नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर खाली गेलो. तिने एका ताटात दोन पोळ्या, मटकीची उसळ, कांदा वाढला. उभ्यानेच खाल्लं. गरम, मऊ पोळी. असं जेवण जिल्ह्यात कुठे मिळणार नाही. तसं तिला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, बरं झालं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पोळ्या बांधायला घेतल्या.

विचारलं, रागावलीस का? नाही म्हणाली. खरंच नाही.

कोपऱ्यात देवाच्या फोटोपुढे वाटीत ती सुपारी होती. कुंकू लावलेली. मी म्हटलं, ही आता खाडीत सोडून येतो, पूजा झालीय, मी आलोय.

ती म्हणाली, राहू द्या. पुढच्या पूजेला लागेल.